आधी कोणता वूखोंग दाखवाल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमच्या अकरा वर्षांच्या मुलाने चुलतभावाकडे ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ हा गेम पाहिला, आणि तेव्हापासून त्याला त्या माकडाशिवाय दुसरं काही सुचत नाही. त्याच्यावरचे चित्रपट आणि मालिका मुलाला दाखवायच्या आहेत, पण त्यांचा ढीग पाहून कुठून हात घालावा ते कळत नाही. शिवाय मुलाने आजीला ‘हा चीनचा मारुती आहे’ असं सांगितलं आणि आजींना ते मुळीच आवडलं नाही. त्या दोघांत बरोबर कोण, हेही तुम्हाला हवं आहे.

मी बावीस वर्षं पुण्यात चिनी भाषा शिकवते आणि जोडीला सबटायटल्सचं काम करते. या माकडाला मी वर्गात, सुट्टीतल्या शिबिरांत आणि घरी स्वतःच्या मुलीला इतक्या वेळा दाखवलंय की कुठे मुलं पुढे सरकून बसतात आणि कुठे चुळबुळ सुरू होते, ते मला पाठ झालंय. त्या अनुभवावरच लिहिते.

पहिली गोष्ट नावाची. आपण इंग्रजी स्पेलिंग वाचून ‘वुकाँग’ म्हणतो. चिनी उच्चार ‘सुन वूखोंग’च्या जवळ जातो. ‘वू’ म्हणजे बोध होणं आणि ‘खोंग’ म्हणजे शून्य, म्हणजे ज्याला शून्यतेचा बोध झाला तो. ‘सुन’ हे आडनाव त्याला गुरूने दिलं, आणि तेही एक अक्षर खोडून. माकडासाठीच्या चिनी शब्दात जे अक्षर आहे त्याच्या डाव्या अंगाला ‘प्राणी’ दाखवणारी खूण असते. गुरू म्हणतो, ही खूण काढून टाकू, उरलं ते तुझं आडनाव. मी फळ्यावर ते अक्षर लिहिते आणि डावीकडचा भाग डस्टरने पुसते, तेव्हा वर्गाला काही समजवावं लागत नाही. प्राण्याची खूण पुसली गेली आणि माणसाचं आडनाव राहिलं. पुढची शंभर प्रकरणं त्या पुसण्याचीच आहेत.

आता तुमचा खरा प्रश्न. ‘कोणता चित्रपट आधी’ असं तुम्ही विचारलंय, पण त्याच्या पोटात ‘कोणता वूखोंग आधी’ हा प्रश्न दडलेला आहे. कारण पडद्यावर तो एक नाही, निदान दोन आहेत. पहिला स्वर्गाला आव्हान देणारा बंडखोर, आणि दुसरा एका भित्र्या, हट्टी, पण निर्मळ भिक्षूला सांभाळत मैलोन्‌मैल चालणारा शिष्य. दोघांना एका धाग्यात बांधणारी वस्तू म्हणजे त्याच्या डोक्यावरचं सोन्याचं कडं. कोणतंही रूपांतर समोर आलं की मी आधी पाहते, यांनी त्या कड्याचं काय केलं? त्यावरून बाकीचं बरंचसं कळतं.

मूळ गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. ‘शी यौ ची’, म्हणजे पश्चिमेची यात्रा, ही शंभर प्रकरणांची कादंबरी. तिची सगळ्यात जुनी पूर्ण आवृत्ती नानचिंगमध्ये १५९२ साली छापली गेली. त्यावर लेखकाचं नाव नव्हतं. आज ती बहुतेक ठिकाणी वू छंग-अन या लेखकाच्या नावावर दिसते, पण त्याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. फुलाफळांच्या डोंगरावर एका शिळेतून माकड जन्मतं. धबधब्याच्या पडद्यामागची गुहा शोधून काढतं म्हणून बाकीची माकडं त्याला राजा करतात. मग एक दिवस मरणाच्या विचाराने त्याच्या डोळ्यांत पाणी येतं आणि ते गुरू शोधायला निघतं. गुरू त्याला बहात्तर रूपं घ्यायला शिकवतो, आणि एका कोलांटउडीत एक लाख आठ हजार ली अंतर पार करायला शिकवतो. पूर्व समुद्राच्या नागराजाकडून ते साडेतेरा हजार चिनी शेर वजनाची लोखंडी काठी उचलून आणतं. ती सुईएवढी करून कानात ठेवता येते. यमाच्या वहीतून ते स्वतःचं नाव खोडतं, अमरत्वाची पीचं खातं, देवांच्या सैन्याला पळवतं. शेवटी बुद्ध त्याला म्हणतो, माझ्या तळहाताबाहेर उडी मारून दाखव. ते उडतं, जगाच्या टोकाला पाच खांब दिसतात, मधल्यावर आपलं नाव लिहून परततं, आणि पाहतं तर ते खांब म्हणजे बुद्धाची बोटं. त्या हाताचाच डोंगर होतो आणि त्याखाली ते पाचशे वर्षं अडकून पडतं.

हे सगळं पहिल्या सात प्रकरणांत उरकतं. उरलेली त्र्याण्णव प्रकरणं यात्रेची तयारी आणि यात्रा यांनी भरली आहेत. पडद्यावर मात्र प्रमाण बरोबर उलटं दिसतं. ज्याला त्याला ती सात प्रकरणंच हवी असतात, कारण हाणामारी आणि भव्य देखावे तिथे आहेत. तुमच्या मुलालाही तीच आवडणार, आणि त्यात गैर काही नाही. मात्र ती सात पाहून कोणी म्हणालं की वूखोंग कळला, तर मी म्हणेन, अजून कडं यायचंय.

कडं येतं चौदाव्या प्रकरणात. बुद्धाचे ग्रंथ आणायला पश्चिमेला, भारताकडे निघालेला भिक्षू त्याला डोंगराखालून सोडवतो. थोड्याच वेळात सहा दरोडेखोर आडवे येतात आणि वूखोंग सहाही जणांना ठार करतो. त्या सहांची नावं नीट ऐकली तर गंमत कळते. एकाचं नाव पाहून हरखणारा डोळा, दुसऱ्याचं ऐकून चिडणारा कान, मग नाक, जीभ, शरीर आणि मन. आपल्याकडे ‘मनासह सहा इंद्रियं’ हे गीतेमुळे कानावरून गेलेलं असतं, त्यामुळे मराठी मुलांना हे चटकन उमगतं. भिक्षू त्याला रागावतो, वूखोंग तडकाफडकी निघून जातो, आणि परततो तेव्हा त्याच्यासाठी एक टोपी तयार असते. ती घातली की न शिकता सूत्रं म्हणता येतात, असं त्याला सांगितलेलं असतं. जगाला फसवणारा हा बहुरूपी त्या एका टोपीला फसतो. आतलं कडं डोक्यात रुततं, आणि भिक्षूने मंत्र म्हटला की ते आवळतं.

सबटायटल करताना या वस्तूला काय म्हणायचं यावर मी बराच वेळ घालवला होता. ‘मुकुट’ म्हटलं तर मान वाटतो, ‘पट्टी’ म्हटलं तर जखम वाटते. ‘कडं’ म्हटल्यावर दागिनाही आठवतो आणि बेडीही, म्हणून तोच शब्द ठेवला.

सहा दरोडेखोरांची गोष्ट मुद्दाम सविस्तर सांगितली. तुमच्या मुलाने पाहिलेला गेम नेमका तिथून निघतो. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या या गेममध्ये यात्रा संपून गेलेली आहे. वूखोंग बुद्धपद सोडून डोंगरावर परतलाय, त्याचा पाडाव होतो आणि त्याचे सहा अवशेष विखुरतात: डोळे, कान, नाक, जीभ, शरीर, मन. खेळणारा वूखोंग नसतोच, तो एक वेगळा माकडवीर असतो आणि ते सहा अवशेष गोळा करत जातो. शेवट मी फोडत नाही, पण तिथेही प्रश्न कड्याचाच आहे. म्हणजे हा गेम गोष्ट माहीत असलेल्यांसाठी रचलेला आहे. मुलाने उपसंहार आधी पाहिलाय. त्याची उत्सुकता खरी आहे, पण आता त्याला पहिलं पान दाखवायला हवं. खुद्द गेम खेळू द्यायचा तर मी आणखी चार-पाच वर्षं थांबेन. लढाया फार कठीण आहेत आणि एकूण रंग काळोखा आहे.

पहिलं पान म्हणजे माझ्या मते १९६० च्या दशकातलं शांघायचं ॲनिमेशन, ‘ता नाओ थ्येन कोंग’. इंग्रजीत ‘हॅवॉक इन हेवन’ या नावाने शोधा. वान लायमिंग दिग्दर्शक. पहिला भाग १९६१ चा, दुसरा १९६४ चा, दोन्ही मिळून सुमारे पावणेदोन तास. वान बंधूंनी १९४१ मध्ये, युद्ध चालू असताना, शांघायमध्ये याच कादंबरीतल्या लोखंडी पंख्याच्या राजकन्येवर चीनमधला पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट केला होता. त्यानंतर स्वर्गातला हा धुमाकूळ काढायला त्यांना वीस वर्षं वाट पाहावी लागली.

हा चित्रपट आधी का, तर तो पाहायला भाषा लागत नाही. पिवळा अंगरखा, लाल विजार, हृदयाच्या आकाराचा रंगवलेला चेहरा, आणि हालचाल सगळी पेकिंग ऑपेराची. पाऊल पडलं की झांज, मान वळली की छोटा ढोल. आवाज बंद करून एक मिनिट पाहा आणि मग आवाज लावून तेच मिनिट पुन्हा पाहा. त्याचा स्वभाव किती अंशी त्या तालातून येतो ते मुलालाही जाणवेल. एक लक्षात ठेवा, या चित्रपटात वूखोंग हरत नाही. देवांनी ज्या भट्टीत कोंडलेलं असतं तिच्यातून बाहेर पडतो, स्वर्गाची दाणादाण उडवतो आणि आपल्या डोंगरावर परततो. बुद्धाचा तळहात नाही, पाचशे वर्षांची कैद नाही, कडं नाही. सत्तेला नमवणारा नायक त्या काळच्या चीनला हवा होता. अर्थात त्याने चित्रपटाची सांस्कृतिक क्रांतीतून सुटका झाली नाही. दुसरा भाग मोठ्या प्रेक्षकवर्गापुढे यायला सत्तरच्या दशकाचा शेवट उजाडला.

याच चित्रपटात घोड्यांच्या पागेचा प्रसंग येतो. स्वर्गात वूखोंगला ‘पीमावन’ हे पद मिळतं आणि तो हुरळून जातो. नंतर कळतं की हे तर घोडे राखण्याचं काम. या पदाचा उच्चार ‘घोड्यांची रोगराई टाळणारा’ या अर्थाच्या शब्दांशी जुळतो, कारण पागेत माकड बांधलं की घोडे आजारी पडत नाहीत अशी चीनमध्ये जुनी समजूत होती. आपल्याकडच्या लोकांनाही ती ठाऊक होती. ‘तबेले की बला बंदर के सिर’ ही हिंदी म्हण तिथलीच. मी वर्गात ही म्हण सांगते, तेव्हा देवांनी त्याची केवढी चेष्टा केली आणि तो एवढा का भडकला, हे मुलांना आतून कळतं.

त्यानंतर १९८६ ची चिनी सरकारी दूरदर्शनची मालिका. दिग्दर्शिका यांग च्ये, एकूण पंचवीस भाग. चित्रीकरण १९८२ मध्ये सुरू झालं आणि सगळे भाग पुरे व्हायला १९८८ साल लागलं. जवळजवळ सगळं काम एका कॅमेऱ्यावर झालं, आणि तो यांग च्ये यांचे पती वांग छोंगछ्यू यांच्या हातात होता. आजच्या मुलांना तिचे ट्रिक सीन बाळबोध वाटतात आणि पहिली दहा मिनिटं ती हसतात. हसू द्या. अकराव्या मिनिटाला त्यांचं लक्ष वूखोंगच्या डोळ्यांकडे जातं.

ते डोळे ल्यू श्याओ लिंग थोंग या नटाचे. त्यांचं घराणंच माकडाची भूमिका करणारं, आणि ते चौथ्या पिढीचे. वडील शाओशिंग ऑपेरातले नामवंत वूखोंग, रंगमंचावरचं नाव ‘ल्यू लिंग थोंग’, म्हणजे सहा वर्षांचं मूल, कारण त्या वयात ते रंगभूमीवर आले. थोरला भाऊ हा वारसा पुढे नेणार होता, पण १९६६ मध्ये तो रक्ताच्या कर्करोगाने गेला, अवघ्या सोळाव्या वर्षी, आणि काम धाकट्याच्या खांद्यावर आलं. धाकट्याची दृष्टी अधू. नजरेत धार यावी म्हणून त्यांनी उगवत्या सूर्याकडे पाहण्याचा, टेबल टेनिसच्या चेंडूमागे नजर फिरवण्याचा आणि अंधारात उदबत्तीच्या ठिणगीवर डोळे लावण्याचा सराव केला. कादंबरीत वूखोंगच्या डोळ्यांना ‘अग्निनेत्र’ म्हणतात, कारण भट्टीच्या धुराने ते लाल झाले आणि त्यांना राक्षसाचं खरं रूप दिसू लागलं. मालिकेत ते डोळे पाहताना ही मेहनत आठवते.

पंचवीसही भाग सलग पाहायची गरज नाही. सुरुवातीचे चार धुमाकुळाचे आहेत. ॲनिमेशन पाहिलं असेल तर चौथ्यापासून सुरू करा. कैद चौथ्यात आहे, कडं पाचव्यात. मग सातवा, ज्यात चू पाच्ये हा खादाड डुकरासारखा शिष्य येतो. मग दहावा आणि अकरावा जोडून. सतरावा पंख्याचा. शेवटी चोविसावा आणि पंचविसावा. चोविसाव्यात मंडळी ‘थ्येनचू’ला, म्हणजे भारतात पोचतात. चिनी दिग्दर्शिकेने कल्पिलेला भारत, तिथली राजकन्या आणि नृत्य पाहायला आपल्या मुलांना फार मजा येते.

दहाव्या भागापाशी मात्र थांबून बोलते, कारण मला विचाराल तर सगळ्या गोष्टीचं काळीज तिथे आहे. पांढऱ्या हाडांची राक्षसीण भिक्षूला खायला तीनदा रूप बदलून येते. आधी जेवण घेऊन आलेली तरुणी, मग तिला शोधत आलेली म्हातारी आई, मग म्हातारा बाप. वूखोंगला ती ओळखू येते, भिक्षूला माणूस दिसतो. तीनदा वूखोंग काठी हाणतो आणि तीनदा भिक्षूला वाटतं की याने निरपराध जीव घेतला. मंत्र म्हटला जातो, कडं आवळतं, आणि शेवटी भिक्षू कागदावर लिहून देतो की तू माझा शिष्य नाहीस. आता कादंबरीतलं सत्ताविसावं प्रकरण पाहा. निघण्यापूर्वी वूखोंगला गुरूला नमस्कार करायचाय. भिक्षू पाठ फिरवतो, दुष्टाचा नमस्कार मला नको म्हणतो. वूखोंग अंगावरचे तीन केस उपटतो, त्यांचे तीन वूखोंग करतो, आणि चौघे चारी दिशांनी गुरूला वेढून वाकतात. आता पाठ तरी कुठे फिरवणार? नमस्कार घ्यावाच लागतो. ज्या मायेने त्याने स्वर्ग हादरवला, तीच माया तो इथे एका नमस्कारासाठी वापरतो. वर्गात मी हा उतारा वाचते आणि नंतर थोडा वेळ कोणी बोलत नाही.

भिक्षू मूर्खच आहे, असं मुलं म्हणतील. मोठेही म्हणाले होते. हा प्रसंग शाओशिंग ऑपेरात पाहून १९६१ मध्ये कवी क्वो मोरो यांनी लिहिलं की या भिक्षूचे तुकडे करायला हवेत. त्याला उत्तर देताना माओंनी कविता लिहिली, आणि तिचा रोख असा होता की भिक्षू भोळा असला तरी त्याला शहाणं करता येतं, खरा धोका राक्षसिणीचा आहे. दोघांचा रोख राजकारणाकडे होता हे उघड आहे. पण भिक्षूला क्षमा करायची की नाही, हा प्रश्न मुलाला जरूर विचारा. अकराव्या वर्षी ती चर्चा झकास रंगते.

दुसरा एक प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये हमखास येतो, तुमचा मुलगाही विचारेल. वूखोंगची एक उडी एक लाख आठ हजार ली, आणि यात्रेचं अंतरही तेवढंच. मग एका उडीत जाऊन ग्रंथ का आणत नाही? कादंबरीत बाविसाव्या प्रकरणात चू पाच्येही जवळपास हेच विचारतो. उत्तर मिळतं की मर्त्य माणसाचं शरीर पर्वतासारखं जड असतं, ते ढगावरून नेता येत नाही, आणि भिक्षूने ते कष्ट स्वतः सोसायचे आहेत. मी मुलांना उलट विचारते, पंढरपूरला एसटी जाते, मग लोक पायी का निघतात? पुढचं उत्तर ती आपली आपण देतात.

तिसऱ्या क्रमांकावर २०१५ चा ॲनिमेशनपट ठेवा, ‘मंकी किंग: हीरो इज बॅक’. दिग्दर्शक थ्येन श्याओफंग. त्यात भिक्षू लहान मुलगा आहे, आणि तो चुकून वूखोंगला मोकळं करतो. कडं इथे डोक्यावरून मनगटावर आलंय, ते त्याची शक्ती अडवून धरतं. थकलेला, विश्वास गमावलेला नायक आणि त्याच्यावर आंधळी श्रद्धा असलेलं पोर, अशी जोडी आहे. तुमच्या मुलाच्या वयाला हाच चित्रपट सगळ्यात जवळचा वाटेल असा माझा अंदाज आहे.

मग हाच आधी का नाही? कारण त्या नायकाने काय गमावलंय ते माहीत असल्याशिवाय त्याची उदासी पोचत नाही. ही चूक मी स्वतः केली आहे. पहिल्या वर्षी वर्गाला मी १९९५ चा स्टीफन चाउचा दोन भागांचा चित्रपट आधी दाखवला, कारण तो मला अतिशय आवडतो. त्यात नायक आपल्या माणसांना वाचवायला कडं जाणूनबुजून डोक्यावर चढवतो, आणि ते चढवलं की प्रेम करता येत नाही. त्याची प्रेयसी मरताना त्याला तिला धरून ठेवायचंय आणि कडं आवळत जातं. मी रडत होते आणि वर्ग माझ्याकडे पाहत होता. मूळ गोष्टच माहीत नव्हती, तर उलटवलेली गोष्ट त्यांना कशी लागणार? तो चित्रपट मुलगा सोळा-सतराचा झाल्यावर दाखवा. चाउचाच २०१३ चा चित्रपट मात्र लहान मुलांना अजिबात नको. सुरुवातीलाच नदीतला राक्षस माणसं गिळतो आणि त्यात एक लहान मुलगीही जाते.

‘ड्रॅगन बॉल’ तुमच्या मुलाने पाहिलं असेल तर त्याला हेही सांगा की ‘सोन गोकू’ हा ‘सुन वूखोंग’ याच तीन अक्षरांचा जपानी उच्चार आहे. शेपूट, लांबणारी काठी आणि पिवळा ढग तिथूनच आले. हे ऐकल्यावर मुलांचे डोळे कसे मोठे होतात, ते प्रत्यक्ष बघण्यासारखं असतं.

सबटायटलबद्दल दोन शब्द. मूल वाचून पाहू शकतं की नाही, यावर बरंच अवलंबून आहे. वाचता येत नसेल तर डबिंग शोधू नका, शेजारी बसून मराठीत सांगा. नावं तशीच ठेवा, फक्त अर्थ एकदा समजवा. आणि वूखोंग कोणाशी कसा बोलतो तिकडे लक्ष द्या. स्वर्गाचा सम्राट विचारतो, तुमच्यातला तो मायावी कोण? सगळा दरबार वाकून उभा. वूखोंग जरासा झुकतो आणि म्हणतो, ‘लाओ सुन प्येन श्र’, शब्दशः ‘म्हातारा सुन तो हाच’. मंत्र्यांची तोंडं पांढरी पडतात. मराठीत मी आधी ‘मीच तो’ लिहिलं होतं, ते फार सभ्य झालं. ‘अहो, मी सुन’ फार गोड झालं. शेवटी लिहिलं, ‘आपणच की!’ गावाकडे पाराशी कोणी हाक मारल्यावर मान वर करून जसं म्हणतात तसं. त्या एका उत्तरात त्याचं सगळं बंड आहे.

आता आजींचा मुद्दा. ‘चीनचा मारुती’ ही कल्पना तुमच्या मुलाच्या आधी मोठ्या माणसांनाही सुचली होती. १९२० च्या दशकात चिनी विद्वान हू श्र यांनी वूखोंगचं मूळ हनुमानात शोधलं. लेखक लू शुन यांना ते पटलं नाही, त्यांनी ह्वाय नदीतल्या एका जुन्या चिनी जलमर्कटाकडे बोट दाखवलं. पुढे वाल्मीकि रामायण संस्कृतातून चिनीत आणणारे ची श्येनलिन यांनी भारतीय नात्याच्या बाजूने कौल दिला. याच पंडितांना भारत सरकारने २००८ मध्ये पद्मभूषण दिलं. चीनमधल्या छ्वेनचौ बंदरात, जिथे एकेकाळी तमिळ व्यापाऱ्यांची मंदिरं होती, तिथल्या काययुआन मठाच्या तेराव्या शतकातल्या दगडी मनोऱ्यावर तलवार घेतलेला माकडतोंड्या वीर कोरलेला आहे. आणि रामकथेसारखी, वानरराजाने मदत केलेली एक जातककथा तर तिसऱ्या शतकातच चिनीत पोचली होती. तेव्हा रक्ताचं नातं असण्याचा संभव मला बराच वाटतो.

पण दोघे एक नाहीत, आणि आजींची नाराजी मला कळते. मारुतीला आपल्या शक्तीचा विसर पडलाय, समुद्राकाठी जांबवंताला ती आठवून द्यावी लागते. वूखोंगला आपली शक्ती क्षणभरही विसरता येत नाही, म्हणून त्याच्या डोक्यावर कडं चढवावं लागतं. मारुतीला रामाच्या पायाशी बसायचंय, वूखोंगने स्वतःला ‘स्वर्गाच्या बरोबरीचा महर्षी’ अशी पदवी लावून घेतली होती. रामाने मारुतीवर अविश्वास दाखवल्याचं आपण ऐकलेलं नाही, तर हा भिक्षू पावलोपावली संशय घेतो. कादंबरी वूखोंगला पुन्हा पुन्हा ‘मन-मर्कट’ म्हणते. आपल्याकडे ‘आधीच मर्कट, त्यात मद्य प्यायला’ म्हणतात ना, तो स्वर्गातल्या मेजवानीची दारू ढोसलेला वूखोंग. आजींना सांगा की नातवाला साम्य दिसलं ते खरं, आणि त्यांना फरक दिसला तोही खरा.

त्यांना आणखी एक गोष्ट सांगा, ती नक्की आवडेल. कादंबरीतला भिक्षू काल्पनिक असला तरी त्याच्यामागे खरा माणूस आहे, शाळेच्या पुस्तकातला युआन श्वांग. तो सातव्या शतकात चीनमधून निघून नालंदाला शिकला आणि ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रातही आला. दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यातल्या लोकांबद्दल त्याने लिहून ठेवलंय की हे मानी आहेत, उपकार विसरत नाहीत, अपमानाचा सूड घेतात, पण सूड घेण्यापूर्वी शत्रूला तसं कळवतात. ६४५ साली तो ६५७ ग्रंथ घेऊन छांग-आनला परतला. त्याच्यासोबत माकड नव्हतं. ते लोकांनी मागाहून, काही शतकांत मिळून, त्याच्या सोबतीला दिलं.

थोडक्यात क्रम असा: शांघायचं ॲनिमेशन, मग १९८६ च्या मालिकेचे निवडक भाग, मग २०१५ चा चित्रपट, बाकी सगळं नंतर. आठवड्याला एकच बैठक ठेवा. आजींना शेजारी बसवता आलं तर उत्तम. दहाव्या भागाला त्या भिक्षूची बाजू घेतील असा माझा अनुभव आहे.

पंचविसावा भाग पाहून झाला की कादंबरीचा शेवट मुलाला तोंडी सांगा. सगळ्यांना आपापली पदं मिळालेली असतात, गुरू आणि वूखोंग बुद्ध झालेले असतात. वूखोंग गुरूला म्हणतो, आता मीही तुमच्यासारखाच बुद्ध झालो, तेव्हा कडं सैल करायचा मंत्र म्हणा, म्हणजे मी ते फोडून टाकतो, पुन्हा कोणाच्या डोक्यावर चढायला नको. गुरू म्हणतो, तू आवरत नव्हतास म्हणून ते होतं, आता ते कुठे असणार? हात लावून बघ. वूखोंग डोक्याला हात लावतो. तिथे काही नसतं.